तलवाड्याचे पाच हुतात्मे

दरवर्षी १० ऑक्टोबरला डहाणू-तलासरी भागातील आदिवासी लाल बावटा घेऊन हुतात्मा दिन पाळतात. १९४५ साली याच तारखेला तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण मारले गेले. त्यांत जेठ्या गांगड होते. हे पाचही जण कोणत्या पलटणीत नव्हते. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम महिना झाला होता. जगभर विजयाच्या मिरवणुका निघत होत्या, आणि इथे लढाई चालली होती ती गवत कापण्याच्या मजुरीची.

गवत ही तेव्हा या पट्ट्यातली नगदी वस्तू होती. भातशेतीला निरुपयोगी असलेल्या वरकस जमिनीवर पावसाळ्यात गवत माजे. ते कापून, सुकवून मुंबईच्या तबेल्यांना आणि गोठ्यांना पाठवले जाई. जमीन जमीनदाराची, नफा व्यापाऱ्याचा आणि विळा वारल्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सावकारी कर्जात वारल्यांच्या जमिनी एकेक करून गेल्या होत्या. जमिनीपाठोपाठ माणसेही गेली. वेठ होतीच, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर आणि घरी बिनमोल राबणे. त्याहून वाईट होती लग्नगडीची पद्धत. लग्नात देज द्यायला, भात-ताडीचा खर्च भागवायला वारली तरुण सावकाराकडून उचल घेई आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघेही त्याच्या दारात बांधले जात. हिशेब सावकाराच्या वहीत, वही सावकाराच्या हातात. ते कर्ज फिटत नसे. हे सरकारला ठाऊक नव्हते असे नाही. मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या स्थितीवरचा आपला अहवाल १९३९ मध्ये सादर केला होता आणि त्यात वेठबिगारीची नोंद स्पष्ट आहे. अहवाल दप्तरात राहिला, वेठ चालू राहिली.

ती मोडली वारल्यांनीच. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला भरलेल्या किसान सभेच्या परिषदेला काही मोजके वारली आले होते. तिथून परतताना त्यांनी आपल्या गावांत येण्याचे आमंत्रण किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर या दांपत्याला दिले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे परिषद भरली. हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे, तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. सुमारे पाच हजार वारली पायी चालत आले. वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, रोख मजुरीशिवाय कामाला हात लावायचा नाही, एवढेच ठरले. ठराव साधे होते, पण पुढच्या काही आठवड्यांत गावोगावचे वारली घोळक्याने जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना बाहेर घेऊन आले. कायद्याने जे वर्षानुवर्षे केले नाही ते एका पावसाळ्याच्या आत झाले.

पावसाळा सरला आणि कापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये, ही संपाची मागणी होती. गवत उभे राहून वाळले तर मालकाचे नुकसान, म्हणून संपाला हीच वेळ नेमकी होती. जमीनदारांनाही ते कळत होते. गोदावरीबाईंनी पुढे दिलेल्या हकिगतीनुसार, त्यांची सभा तलवाड्याला आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी आवई मुद्दाम उठवण्यात आली. बाईंना वाचवायचे म्हणून वारली हाताला लागेल ते घेऊन, कोयते, काठ्या, कुऱ्हाडी घेऊन, हजारोंनी धावले. तिकडे पोलिसांना सांगितले गेले की आदिवासी दंग्यासाठी जमले आहेत. जमाव बाईंची वाट पाहत लाल बावट्याभोवती बसून राहिला. बाई तिथे येणारच नव्हत्या. रात्री सुरू झालेला गोळीबार थांबून थांबून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालला. इतक्या वेळात कोणी पळून का गेले नाही, हा प्रश्न शहरी वाचकाला पडतो. ज्यांनी शेकडो वर्षांत पहिल्यांदाच एखादा शब्द दिला होता, त्यांना तो मोडणे जमले नाही, एवढेच त्याचे उत्तर.

त्यानंतर परुळेकर दांपत्यावर हद्दपारीचे हुकूम निघाले, तरीही चळवळ थांबली नाही. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे सरकार आले. त्याच्या काळातही, जानेवारी १९४७ मध्ये, पालघरजवळ नानिवलीला पुन्हा आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. राज्यकर्ते बदलले म्हणून बंदुकीचा रोख बदलतोच असे नाही. गोदावरीबाईंनी हा सारा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. १९७० मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तलासरीत आज त्यांच्या नावाचे महाविद्यालय आहे. लग्नगड्यांची नातवंडे-पतवंडे तिथे पदवी घेतात. तलवाड्याचे खरे स्मारक शोधायचे तर ते तिथल्या हजेरीपटात सापडेल.

मृतांची खूण ठेवण्याची रीत या भागाला नवी नाही. वारली आणि कोकणा समाजांत गेलेल्या माणसासाठी गावाच्या कडेला लाकडी फळी उभी करतात. तिच्यावर वर सूर्य-चंद्र आणि खाली घोडेस्वार कोरलेला असतो. त्यावर अक्षर नसते. गावाला ती कोणाची आहे हे ठाऊक असते, त्यामुळे अक्षरांची गरजही नसते. अडचण होते ती गावाबाहेर. इतिहासाची पुस्तके लिहिणाऱ्यांना अक्षरेच लागतात, आणि बहुतेक पुस्तकांत ‘जेठ्या गांगड व इतर चार’ असा उल्लेख आढळतो.

याच जिल्ह्यातले दुसरे उदाहरण यासमोर ठेवावे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला. तिथेही पाचच जण गेले : काशिनाथ हरी पागधरे, गोविंद गणेश ठाकूर, रामचंद्र महादेव चुरी, रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सुकुर गोविंद मोरे. त्यांचा स्तंभ पालघरच्या पाचबत्ती चौकात आहे, आणि दर १४ ऑगस्टला गाव तिथे जमते. ही पाचही नावे लोकांच्या तोंडी आहेत, आणि ते योग्यच आहे. तीन वर्षांनी, त्याच राजवटीच्या पोलिसांच्या गोळीने मेलेल्या तलवाड्याच्या पाचांपैकी चौघे मात्र संख्या होऊन राहिले.

संख्येत मावणाऱ्या मरणाची इंग्रजांना सवय होती. पहिल्या महायुद्धानंतर महाराष्ट्रातल्या अनेक खेड्यांत त्यांनी दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच त्यावर मजकूर. युरोपातल्या दफनभूमींत मात्र १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाने प्रत्येक शिपायाचे नाव कोरण्याचा नियम केला. आशिया-आफ्रिकेतल्या अनेक सैनिकांच्या बाबतीत तो नियम पाळला गेला नाही, हे त्या आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच मान्य केले. शंभर वर्षांनी का होईना, नावे शोधण्याचे काम त्यांना हाती घ्यावे लागले.

तलवाड्याला अजून शंभर वर्षे व्हायची आहेत. डहाणू, तलासरी, विक्रमगडच्या शाळा-महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना त्या चौघांच्या घराण्यांपर्यंत पाठवावे, म्हाताऱ्या माणसांकडून नावे, पाडे, नाती लिहून घ्यावीत. आणि जिथे जिथे ‘इतर चार’ असे छापले गेले आहे, तिथे पुढच्या आवृत्तीत ती चार नावे छापावीत.