अंगणवाडीचा आहार पूरक, पर्याय नव्हे

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. अंगणवाडीतील आहाराला शासन ‘पूरक’ म्हणते. तरीही ‘पोर तिकडे जेवते’ म्हणून घरचे जेवण कमी केले जाते, किंवा जाताना हाती बिस्किटाचा पुडा दिला जातो. पुड्याने भूक मरते, खिचडी ताटात उरते.

मुलाचे पोट लहान. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. जळगावच्या केळ्याने ऊर्जा मिळते, पण प्रथिने फार थोडी. शेंगदाण्यात ती वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा असतात. म्हणून वरण-भाकरीसोबत दाण्याचे कूट द्यावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे मात्र देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

आईबापांनी पुड्याचे पैसे डाळ-दाण्यावर खर्च करावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.