घरातला टीव्ही आणि डॉक्टरांची चिठ्ठी

दीड वर्षाचे मूल आईच्या कडेवर, आईच्या दुसऱ्या हातात दुधाची बाटली आणि सोबत आलेल्या आजींच्या हातात मोबाईल, असे दृश्य माझ्या दवाखान्यात रोजचे आहे. छाती तपासण्यासाठी मी स्टेथोस्कोप लावतो, मूल रडू लागते आणि कोणी काही बोलण्याच्या आत आजी मोबाईलवर बालगीत लावतात. मूल गप्प होते. मला ठोके नीट ऐकू येतात आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही बरे वाटते. त्यानंतर पाचच मिनिटांनी मी त्याच आजींना गंभीरपणे सांगतो, "बाळाला मोबाईल देऊ नका." या उपदेशाला त्या घरात किती किंमत राहत असेल, याचा विचार मी अलीकडे करू लागलो आहे. आपल्या स्मरणिकेसाठी लेख मागण्यात आला तेव्हा हाच विषय मनात होता.

नियम आपणा सर्व डॉक्टरांना ठाऊक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. आपल्या इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सच्या सूचना २०२२ साली प्रसिद्ध झाल्या. दोन वर्षांपर्यंत पडदा नाही (नातेवाइकांशी क्वचित व्हिडिओवर बोलणे तेवढे चालेल), दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी. या आकड्यांविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण ते औषधाच्या मात्रेसारखे चिठ्ठीवर लिहून मोकळे होतो याविषयी. घरात तास कोणी मोजत नाही. मोजायला जो माणूस लागतो तो मोकळा असता, तर मुळात टीव्ही लावण्याची वेळच आली नसती.

आमच्या गल्लीत पहिला दूरचित्रवाणी संच १९८४ साली आला. देशभर भराभर प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली ते हेच वर्ष. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इंदिरा गांधींची अंत्ययात्रा आम्ही पन्नास-साठ माणसांनी शेजारच्यांच्या ओसरीत बसून पाहिली. पुढे आमच्याकडे संच आला तो सरकत्या दारांच्या लाकडी पेटीत. त्या दारांना कुलूप होते आणि किल्ली वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात. त्या किल्लीचे मोठे कौतुक आजही आमच्या पिढीतले लोक करतात. मला मात्र ते कौतुक थोडे फसवे वाटते. त्या काळी संयम वडिलांच्या खिशापेक्षा दूरदर्शनच्या केंद्रातच अधिक होता. एकच वाहिनी, तीही ठरावीक वेळी. 'रामायण' जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत चालले, पण आठवड्यातून एकदाच. रविवारी तो भाग संपला की उरलेला आठवडा आपला होता. १९९२ नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबलची तार घरात आली, तेव्हा जे काम प्रक्षेपण केंद्र आपोआप करीत होते ते प्रत्येक घराच्या गळ्यात पडले. आणि ते पडले आहे हे आपल्याला कोणी सांगितले नाही.

टीव्हीला सरसकट शत्रू ठरविणाऱ्यांत मी नाही. १९९९ साली मराठीची पहिली खाजगी उपग्रह वाहिनी सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरात काय घडले ते आठवा. माझी आई तेव्हा आमच्याकडे राहत होती. दिवसभर गुजराती शेजार, हिंदी बाजार आणि इंग्रजी शाळेतून आलेला नातू. संध्याकाळी दोन तास तिला तिची भाषा ऐकू येऊ लागली आणि तिची झोपेची गोळी सुटली. (ती गोळी मीच चालू केली होती.) घरातील एकाचे औषध ते दुसऱ्याचे कुपथ्य, ही अडचण मग लवकरच सुरू झाली, कारण आईच्या मालिकेची वेळ आणि नातवाच्या जेवणाची वेळ एकच होती.

दुसरा अनुभव संगणकाचा, आणि तो सांगताना मला संकोच वाटतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहरात शिरले, त्यात आमच्या तळमजल्यावरच्या दिवाणखान्यातला संगणक बुडाला. नवा घेतला तो सावधगिरी म्हणून वरच्या मजल्यावर, मुलाच्या खोलीत ठेवला. पुरापासून त्याचे रक्षण झाले. मुलगा नववीत गेला तेव्हा त्याचे डोके दुखू लागले, सकाळी उठेना, गणितात मागे पडला. मी त्याचे डोळे तपासून घेतले, चष्मा लागला, रक्त तपासले, लोहाचे औषध दिले. रात्री दोन वाजेपर्यंत त्याच्या खोलीच्या दाराखालून निळसर उजेड येतो, हे आठ महिन्यांनंतर माझ्या पत्नीच्या लक्षात आले. रोज इतरांच्या मुलांच्या झोपेविषयी विचारणाऱ्या बालरोगतज्ज्ञाने आपल्या मुलाला तो एक प्रश्न विचारला नव्हता. आम्ही त्याला शिक्षा केली नाही, सांकेतिक शब्द घालून संगणक बंदही केला नाही (तो शब्द त्याने आठवड्यात शोधला असता). संगणक उचलून पुन्हा खाली दिवाणखान्यात आणला, एवढेच. पंधरा दिवस तो आमच्याशी बोलला नाही. डोकेदुखी मात्र महिन्याभरात गेली.

यावरून काढलेली माझी समजूत अशी की घरात नियम करायचा तो तासांचा न करता जागेचा आणि वेळेचा करावा. जेवणाच्या पानावर पडदा नाही, झोपण्यापूर्वीचा एक तास नाही आणि झोपायच्या खोलीत कधीच नाही. पडद्याकडे पाहत खाणाऱ्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही. काही मुले त्यामुळे जास्त खातात, काही दीड-दोन वर्षे बाटलीतल्या दुधावरच राहतात आणि हिमोग्लोबिन सात घेऊन आपल्यापुढे येतात. रात्रीच्या उजेडाने मेलाटोनिन उशिरा स्रवते आणि झोप पुढे ढकलली जाते. चष्म्याच्या बाबतीत दिवसाउजेडी घराबाहेर घालविलेला वेळ मुलाच्या उपयोगी पडतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. हे सर्व वाचकांना पटेलच. त्यात मी अधिक वेळ घालवीत नाही.

परंतु हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर चार खोल्यांचे घर असते, आणि माझे निम्म्याहून अधिक बालरुग्ण तसल्या घरातून येत नाहीत. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो कुटुंबे राहतात. एक खोली, कोपऱ्यात ओटा, भिंतीला टीव्ही. वडील लूमवर बारा तासांच्या रात्रपाळीहून सकाळी येतात आणि दुपारपर्यंत त्याच खोलीत झोपतात. त्या वेळात दोन वर्षांच्या मुलाने आवाज करायचा नाही. अशी एक आई मला म्हणाली, "सर, हा रडला तर ह्याचे पप्पा जागे होतील, आणि झोप झाली नाही तर रात्री मशीनमध्ये हात जाईल. मी मोबाईल नको देऊ तर काय करू?" मी तिला उत्तर देऊ शकलो नाही. तिच्या चिठ्ठीवर 'पडदा बंद' असे लिहिणे मला तरी उद्धटपणाचे वाटले. शेवटी आम्ही दोघांनी मिळून एवढे ठरविले की वडील झोपले असताना सकाळचे दोन तास मुलाला समोरच्या आंगणवाडीत बसवायचे. तिने ते केले. सगळ्यांच्या समोर आंगणवाडी नसते, हेही मला ठाऊक आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिण्याचे धाडस केले तिच्याकडे वळतो. २०१० च्या सुमारास एक मुलगी माझ्याकडे आणली गेली. वय दोन वर्षे दोन महिने, एकही शब्द नाही. घरी मराठी, शेजारी गुजराती, टीव्हीवर दिवसभर हिंदी कार्टून. आईवडिलांनी सांगितले की ती टीव्हीला अगदी चिकटून बसते आणि आवाज मोठा केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी ते ऐकले आणि टीव्हीचे व्यसन असा निष्कर्ष काढला. तीन भाषांचा गोंधळ आणि टीव्हीचा अतिरेक. सहा महिने टीव्ही बंद करा, घरी एकच भाषा बोला, बोलेल. माणसे इतकी सरळ की त्यांनी केबलची तारच कापली. सहाचे आठ महिने झाले. दिवाळीत अंगणात फटाक्यांची माळ लागली, बाकीची मुले कानांवर हात ठेवून पळाली आणि ही पाठमोरी बसून खेळत राहिली. हे पाहिले ते तिच्या आजीने. बेरा तपासणीत दोन्ही कानांना तीव्र बहिरेपण निघाले. ती टीव्हीला चिकटून बसत होती, कारण तिला ऐकायचे होते.

त्या आठ महिन्यांची भरपाई कोणी करू शकत नाही. भाषेच्या दृष्टीने ते वय सोन्याचे असते. त्या कुटुंबाने मला एक शब्दही लावला नाही, याचे मला आजही ओझे वाटते. म्हणून माझ्या तरुण सहकाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. न बोलणाऱ्या मुलाच्या घरात टीव्ही असणारच. आज असे घर उरलेच नाही ज्यात पडदा नाही. त्यामुळे टीव्ही हे कारण नेहमीच हाताशी सापडते, आणि सापडले म्हणून ते खरे ठरत नाही. दोन किंवा तीन भाषा कानावर पडल्याने मूल मुके होत नाही. सुरतेतली आपली बहुतेक मुले तीन भाषांतच वाढतात. 'व्हर्च्युअल ऑटिझम' हा शब्द अलीकडे पालकांच्या तोंडी फार ऐकू येतो. तो मान्यताप्राप्त निदान नाही, पण 'मोबाईल काढून घेतला की होईल बरे' या आशेवर सहा-सहा महिने घालविण्यास तो पुरेसा ठरतो. मोबाईल जरूर काढून घ्या. मात्र त्याच दिवशी कानाची तपासणी लिहा आणि ऑटिझमची चाचणी करा. एक दुसऱ्याची वाट पाहत नाही.

पडद्याने भाषा येत नाही, हे मात्र खरेच. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या चमूने २००३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. नऊ महिन्यांच्या इंग्रजी घरांतील बाळांशी चिनी भाषिक व्यक्ती बारा वेळा येऊन खेळल्या, बोलल्या. बाळे त्या भाषेतील ध्वनींतला भेद ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तेच बोलणे, त्याच व्यक्ती, पण पडद्यावर दाखविल्या. ती बाळे काहीच शिकली नाहीत. पडद्यावरची व्यक्ती बाळाकडे पाहून थांबत नाही, तेवढाच फरक होता.

आणि हा फरक मोठ्यांनाही लागू आहे, हे सांगली जिल्ह्यातल्या एका गावाने ओळखले. कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव, वस्ती सुमारे ३,००० ची. कोविडच्या काळात शाळा मोबाईलवर आली आणि शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून मोबाईल सुटेना. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथील सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने ठरविले: रोज संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतील, साडेआठला दुसरा भोंगा. आशा कार्यकर्त्या, आंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. मला यातली महत्त्वाची गोष्ट भोंगा वाटत नाही. तो दीड तास मुलांबरोबर मोठ्यांचाही ठरविला गेला, ही आहे. आईची मालिका आणि वडिलांच्या बातम्या चालू ठेवून मुलाला 'अभ्यासाला बस' म्हणण्याचा प्रकार तिथे बाद झाला. शिवाय शेजारच्या घरातूनही आवाज येत नव्हता. एकट्या घराला जे अवघड ते गावाला जमले.

आमच्याकडे भोंगा चालणार नाही. डिंडोलीत संध्याकाळी ७ म्हणजे लूमची पाळी बदलण्याची वेळ. एक बाप घरी येत असतो, दुसरा डबा घेऊन निघत असतो. पण एका इमारतीने, एका गल्लीने आपापली वेळ ठरवायला हरकत नाही. आपल्या मंडळाने डॉक्टरांच्या व्याख्यानाऐवजी अशा दोन-चार गल्ल्यांत बसून लोकांनाच वेळ विचारावी, असे मला सुचवावेसे वाटते. मी यायला तयार आहे.

जाता जाता एक कबुली. माझ्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात पंधरा वर्षांहून अधिक काळ एक टीव्ही भिंतीवर होता आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ कार्टून चालू असे. मुले शांत बसावीत म्हणून मीच तो लावला होता. गेल्या दिवाळीत तो काढला. तिथे लाकडी ठोकळे, चार चित्रपुस्तके आणि एक मोठी फळी खडूसह ठेवली आहे. गोंगाट दुप्पट झाला आहे, ठोकळे हरवतात, स्वागतकक्षातल्या ताई माझ्यावर नाराज आहेत आणि एक आजोबा दर वेळी क्रिकेटचा स्कोअर विचारतात. बाहेरच्या आवाजामुळे छातीचे ठोके ऐकताना मला आता दार लावून घ्यावे लागते.