जर्मनीतील आरोग्य विमा : निवड तीन महिन्यांची, बंधन दीर्घकाळाचे

ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांना दरवर्षी द्यावयाच्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला होता. जर्मन विद्यापीठांतील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा गट आता सर्वांत मोठा आहे. साहजिकच पुण्या-मुंबईच्या अनेक घरांतून भाषेची परीक्षा, ब्लॉक्ड अकाउंट, घरभाडे यांचा बारकाईने ऊहापोह होतो. विमा मात्र यादीच्या तळाशी राहतो. व्हिसाच्या कागदपत्रांना एक पॉलिसी जोडली की काम झाले, अशी समजूत असते. जर्मनीच्या बाबतीत ही समजूत फार महाग पडू शकते.

याचे कारण आपल्या सवयीत आहे. आपल्याकडे आरोग्य विमा ही विकत घेण्याची वस्तू आहे. किती लाखांचे संरक्षण, हप्ता किती, कॅशलेस रुग्णालये कोणती, एवढे पाहून आपण पॉलिसी घेतो आणि पटली नाही तर पुढच्या वर्षी कंपनी बदलतो. जर्मनीतील व्यवस्थेचा पाया बिस्मार्कच्या काळात, १८८३ च्या कामगार आजारपण विमा कायद्याने घातला गेला. तिथे विमा हे नागरी जीवनाचे अंग आहे. २००९ पासून तर देशात राहणाऱ्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. सुमारे नव्वद टक्के लोक सार्वजनिक विम्यात आहेत, उरलेले बहुतेक खासगी विम्यात. या दोन घरांमध्ये एक दार आहे, पण ते दोन्ही बाजूंनी सारखे उघडत नाही.

सार्वजनिक विमा चालविणाऱ्या संस्थांना तिथे क्रांकनकासे म्हणतात. अशा नव्वदहून अधिक संस्था आहेत आणि त्यांच्या सेवा कायद्यानेच ठरलेल्या असल्याने बहुतांशी सारख्या आहेत. वर्गणी वयावर वा प्रकृतीवर अवलंबून नसते, उत्पन्नावर असते. मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के असून त्यावर प्रत्येक संस्थेची वेगळी जादा वर्गणी असते. २०२६ साठी तिची सरासरी २.९ टक्के धरण्यात आली आहे. यातील निम्मा भार मालक उचलतो. दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याची वर्गणी वेगळी. मधुमेह आहे म्हणून कोणी नाकारत नाही, प्रतीक्षाकाळ नाही, ‘किती लाखांपर्यंत’ हा प्रश्नही नाही. रुग्णालयात रोजचे १० युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस, आणि औषधांमागे साधारण ५ ते १० युरो एवढेच खिशातून जातात. त्रुटीही आहेत. तज्ज्ञ डॉक्टरची वेळ मिळायला कधी आठवडे, कधी महिने लागतात, आणि पुण्यात सायंकाळी सहज जाऊन त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून येणाऱ्याला ते असह्य वाटते.

खासगी विम्याचे गणित आपल्या मेडिक्लेमच्या जवळचे आहे. हप्ता प्रवेशाच्या वेळचे वय, प्रकृती आणि निवडलेल्या सुविधा यांवर ठरतो. जुना आजार असेल तर अधिभार लागतो किंवा अर्ज फेटाळला जातो. डॉक्टरची वेळ लवकर मिळते, रुग्णालयात स्वतंत्र खोली मिळू शकते. तिशीच्या आतल्या धडधाकट माणसाला हा हप्ता आकर्षक वाटतो, आणि निर्णयाची वेळ नेमकी त्याच वयात येते.

पगारदाराचे उदाहरण घेऊ. २०२६ मध्ये ज्याचा वार्षिक पगार ७७,४०० युरोंपेक्षा कमी आहे त्याला सार्वजनिक विमा सक्तीचा आहे. कोणती संस्था एवढेच तो ठरवू शकतो. नव्याने जाणाऱ्या परिचारिका, इलेक्ट्रिशियन, बहुतेक कनिष्ठ अभियंते याच गटात येतात. त्यांनी फार डोके शिणवण्याचे कारण नाही. कसोटी लागते ती त्या मर्यादेवरच्यांची. ८० हजार युरोंवर म्युनिकमध्ये रुजू होणाऱ्या अविवाहित संगणक अभियंत्याला सार्वजनिक विमा आणि शुश्रूषा विमा मिळून स्वतःच्या वाट्याचे दरमहा सुमारे ६५० युरो भरावे लागतात. खासगी कंपनीचा मध्यस्थ त्याला याहून बराच कमी आकडा दाखवतो. त्या हप्त्यातही मालक ठरावीक मर्यादेपर्यंत निम्मा वाटा देतोच. कागदावर व्यवहार चोख दिसतो.

पुढच्या काही वर्षांत त्याचे लग्न होते, पत्नी भारतातून येते, जर्मन भाषा शिकेपर्यंत तिला नोकरी नसते, मग मुले होतात. सार्वजनिक विम्यात असता तर स्वतंत्र उत्पन्न नसलेली पत्नी आणि मुले त्याच वर्गणीत, एक युरोही जादा न भरता, समाविष्ट झाली असती. खासगीत प्रत्येकाची वेगळी पॉलिसी, वेगळा हप्ता. प्रसूतीच्या रजेत वा अर्धवेळ कामात उत्पन्न घटले की सार्वजनिक वर्गणी घटते. खासगी हप्त्याला पगार वाढला की घटला याचे सोयरसुतक नसते. परत यायचे म्हटले तर पगार त्या मर्यादेखाली यावा लागतो, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर तो मार्गही जवळपास बंद होतो. तरुण, निरोगी असताना वाचवायचे आणि म्हातारपणी सर्वांच्या वर्गणीवर यायचे, हे होऊ नये म्हणून जर्मन कायद्याने ही तटबंदी घातली आहे. धोरण म्हणून ते न्याय्यच आहे. पण ते माहीत नसलेल्या नवागताला त्याची झळ बसते.

याउलट एक तरतूद नवागताच्या बाजूची आहे आणि ती पुरेशी ठाऊक नसते. जर्मनीत प्रथमच नोकरी धरणाऱ्याचा पगार मर्यादेवर असला, तरी त्याला स्वेच्छेने सार्वजनिक विम्यात जाता येते. मात्र अर्ज तीन महिन्यांच्या आत हवा.

विद्यार्थ्यांपुढचा पेच अधिक अवघड आहे, कारण तिथे पैसा कमी आणि सल्लागार फार. तिशीच्या आतल्या नियमित विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात, शुश्रूषा विम्यासह दरमहा साधारण १४० ते १५० युरोंत मिळतो. नवागतांसाठीच्या काही खासगी पॉलिसी याच्या निम्म्याहूनही स्वस्त असतात. ब्लॉक्ड अकाउंट उघडून देणाऱ्या सेवा अनेकदा विम्यासह एकत्रित पॅकेज विकतात आणि इथे बसून पालक त्यावर खूण करून मोकळे होतात. त्या पॅकेजात सार्वजनिक विमा आहे की खासगी, एवढेसुद्धा पुष्कळांनी पाहिलेले नसते. खासगी विम्यासाठी सार्वजनिक विम्यातून सूट घ्यावी लागते. ती तीन महिन्यांच्या आत मागता येते, पण एकदा घेतली की त्या शिक्षणक्रमाच्या अखेरपर्यंत मागे घेता येत नाही. स्वस्त पॉलिसीत जुने आजार, मानसोपचार, दातांची मोठी कामे वगळलेली असू शकतात. दुसऱ्या वर्षी नैराश्याने ग्रासलेल्या मुलाला हे कलम तेव्हा कळते. शिक्षण संपून नोकरी शोधण्याच्या काळातही फरक पडतो. सार्वजनिक विम्यात असलेला पुढे स्वेच्छेने त्यातच राहू शकतो, खासगीत गेलेल्याला बहुधा सक्तीच्या विम्याची नोकरी मिळेपर्यंत बाहेरच थांबावे लागते.

वयाची अटही नीट पाहायला हवी. हिंजवडीत सात-आठ वर्षे नोकरी करून एकतिसाव्या वर्षी पदव्युत्तर शिक्षणाला जाणाऱ्याला, आधी युरोपात सार्वजनिक विमा नसेल तर, बहुतेक वेळा खासगीशिवाय पर्याय उरत नाही. भाषेच्या वर्गासाठी आधी जाणाऱ्यालाही विद्यार्थी दर लागू होत नाही. अशांनी हप्त्याआधी वगळलेल्या बाबींचे पान वाचावे.

आरोग्याखेरीज मध्यस्थ विम्याचे डझनभर प्रकार पुढे करतात. त्यांतला खरोखर कामाचा, सक्तीचा नसूनही, दायित्व विमा. आपल्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाल्यास जर्मन कायद्यात भरपाईला कमाल मर्यादा नाही. भाड्याच्या इमारतीची किल्ली हरवली आणि साऱ्या इमारतीची कुलुपे बदलावी लागली, तर बिल हजारांत जाऊ शकते. हा विमा वर्षाला शंभर युरोंच्या आत मिळतो; हरवलेल्या किल्लीचा समावेश आहे ना, तेवढे विचारून घ्यावे. बाकीचे प्रकार सावकाश पाहता येतात.

राहता राहिला आईवडिलांचा प्रश्न. मराठी घरांत तो उशिरा निघतो, पण निघतोच. कुटुंबाच्या मोफत विम्यात पत्नी व मुले येतात, आईवडील येत नाहीत. तीन महिन्यांच्या भेटीसाठी किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा पुरतो. त्यातही आधीच्या हृदयविकाराचा वा मधुमेहाचा खर्च बहुधा मिळत नाही. मार्च २०२४ पासून जर्मनीने एक पाऊल पुढे टाकले. त्या महिन्यापासून प्रथमच वास्तव्य परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना कायम वास्तव्यासाठी आणण्याची मुभा मिळाली. अट अशी की त्यांचा निर्वाह, आरोग्य विम्यासह, सरकारी मदतीविना चालला पाहिजे. पंचावन्न ओलांडलेल्या, पूर्वी जर्मनीत विमा नसलेल्या माणसाला सार्वजनिक विमा घेत नाही आणि सत्तरीच्या रुग्णाला खासगी विमा मिळाला तरी हप्ता दरमहा शेकडो युरोंचा असतो. व्हिसाने उघडलेले दार असे विम्याच्या उंबरठ्यावर अडते. कुशल माणसे हवीत असे म्हणणाऱ्या बर्लिनने यावर अद्याप सोपा मार्ग दिलेला नाही, आणि एकुलत्या एक मुलामुलींच्या आपल्या घरांत हा हिशेब ब्लू कार्डच्या अर्जाआधीच मांडायला हवा.