बिंदू-बिंदूतला फरक



मागचे तीन महिने इथे काही लिहिलं नाही. कारण डोळे. दोघा-तिघांनी फोन करून "सर, लिहिणं सोडलंत की काय?" असं विचारलं, बरं वाटलं. तर आज डोळ्यांबद्दलच लिहितो. हे आमच्या घरच्या मंडळींनी जरा सावकाश वाचावं.

चार वर्षांपूर्वी पौडजवळच्या एका शिबिरात माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. "अजून पिकला नाही, घाई नको," असं सांगितलं गेलं. मला ते पथ्यावरच पडलं. आंबे अढीत घालावेत तसा मी मोतीबिंदू पिकत ठेवला. (आईचं ऑपरेशन मी १९७८ साली पाहिलं होतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, आणि पुढे जन्मभर सोडाबाटलीच्या बुडासारख्या काचांचा चष्मा!) ही 'पिकण्याची' भाषा त्या काळातली. आता डोळ्यातलं धुरकट भिंग ध्वनिलहरींनी फोडून काढतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. उलट फार पिकून कडक झालं तर डॉक्टरांनाच त्रास. कृत्रिम भिंगाची कल्पना हॅरॉल्ड रिडले या इंग्रज डॉक्टरांची, १९४९ सालची. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे घुसले, तरी डोळा ते सोसतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं. असो.

गेल्या वर्षी डावीकडून येणाऱ्या मोटारसायकली अचानक उगवल्यासारख्या दिसू लागल्या. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मी म्हणायचो, पिकतोय. शेवटी मुलाने धरून पुण्याला नेलं. तिथे डोळ्यातला दाब मोजला. तो साधारण १० ते २१ असावा लागतो, माझा ३२ निघाला. मग एका यंत्रात हनुवटी टेकवून बसवलं. समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याच्या कागदावर जवळजवळ अर्धा भाग काळा! आयुष्यभर मुलांचे पेपर तपासले, आणि सत्तरीत मी असा नापास.

तो मोतीबिंदू नव्हता, म्हणजे होता, पण त्याच्या आड काचबिंदू होता. दोन्ही नावांत 'बिंदू' आला म्हणून लोकांना ते सख्खे भाऊ वाटतात. मी मराठीचा मास्तर, मीही फसलो. मोतीबिंदूत भिंग धुरकटतं, ते बदललं की दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्यात सतत तयार होणारं पाणी नीट बाहेर पडत नाही, दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. त्या नशीत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात, आणि मेलेला तंतू परत येत नाही. दुखत नाही, लाल होत नाही. कडेची नजर आधी जाते आणि एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही.

डॉक्टरांनी घरात कोणाला होतं का विचारलं आणि मला अण्णा आठवले. शेवटच्या काळात ते पेपरातली बातमी वाचायचे, पण उंबऱ्याला अडखळायचे, अंगणातल्या गाईवर जाऊन आदळायचे. आम्हाला वाटायचं, सोंग करतात. एकदा मी त्यांना तसं बोललोही. डॉक्टर म्हणाले, बहुधा काचबिंदूच असावा.

माझं स्पष्ट मत असं, की शिबिरात मोतीबिंदूबरोबर दाब आणि नस बघितल्याशिवाय माणसाला घरी पाठवू नये. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. त्याचा मोठा भर मोतीबिंदूवर राहिला, त्यातून लाखो लोकांना दिसू लागलं, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण आमच्या मुळशीतल्या वाडीवरचा म्हातारा आयुष्यात एकदाच डॉक्टरच्या टॉर्चसमोर बसतो, त्याला दुसरी संधी नसते. आणि शहरातल्या शिकलेल्यांनो, चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं होत नाही. काहींना दाब नेहमीएवढा असूनही काचबिंदू होतो, म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब घालून नस बघावी लागते. (त्या दिवशी सोबत कोणीतरी हवं, उन्हात डोळे दिपतात.)

आई-वडील, भाऊ-बहीण यांना काचबिंदू असेल तर आपला धोका कित्येक पटींनी वाढतो. अण्णांची आम्ही पाच मुलं, अकरा नातवंडं. चाळिशी सगळ्यांचीच उलटलेली.

माझा मोतीबिंदू काढला. आता भिंत पिवळट नाही, पांढरी दिसते. डावीकडचं गेलं ते गेलं. उरलेलं टिकावं म्हणून रोज रात्री नऊला थेंब, जन्मभर. ही आठवण करते, मी विसरतो.

धाकट्या भावाने परवा तपासून घेतलं, त्याचाही दाब वाढलेला निघाला, पण नस अजून शाबूत आहे. ताईला मी येत्या मंगळवारी घेऊन जाणार आहे. थोरला पुतण्या म्हणतो, "काका, मला तर सगळं स्वच्छ दिसतं."

मलाही दिसत होतं रे.