बागेत कोण येत नाही?



माझ्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर औषधांच्या नावांखाली एक ओळ जवळजवळ नेहमीच असते : ‘रोज अर्धा तास चालणे.’ मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, निद्रानाश, बद्धकोष्ठ, मनाची उदासी या सर्वांना उपयोगी पडणारे आणि एक पैसाही न लागणारे दुसरे औषध माझ्यापाशी नाही. ही ओळ मी किती हजार वेळा लिहिली असेल, त्याची गणती नाही. रुग्ण चालणार कुठे, हे मात्र मी क्वचितच विचारले. ते विचारायला मला एका मृत्यूने शिकवले.

धाराशिव जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी व्यवसाय करते, तेथील एक निवृत्त शिक्षक माझे जुने रुग्ण होते. वय सत्तरीच्या पुढे. मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. माझ्या आग्रहावरून ते रोज पहाटे चालू लागले. घरापासून एसटी स्टँडपर्यंत आणि परत, हमरस्त्याच्या कडेने. एका पहाटे अंधारात मोटारसायकलीने त्यांना धडक दिली आणि खुब्याचे हाड मोडले. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली, ती यशस्वीही झाली. पण त्या वयात माणूस अंथरुणाला खिळला की फुप्फुसात कफ साठतो, पाठीला जखमा होतात, अन्नावरची वासना उडते. पाचव्या महिन्यात ते न्यूमोनियाने गेले.

भेटायला गेले, तेव्हा मनात सलत असलेला प्रश्न मी त्यांच्या पत्नीला विचारला. घरापासून दोनशे पावलांवर वसाहतीची बाग असताना सर हमरस्त्याने का जात? त्या शांतपणे म्हणाल्या, “उठल्या उठल्या लघवीची गोळी घ्यायचे ना मॅडम. बागेत सोय कुठंय? स्टँडवर मुतारी तरी आहे.”

ती गोळी मीच लिहून दिली होती. चालण्याची ओळही माझीच होती.

तुमच्याही गावात अशी एखादी बाग असेल. ठरावीक क्षेत्राहून मोठ्या जमिनीवर वसाहतीचा नकाशा मंजूर होताना दहा टक्के जागा खुली सोडावी लागते, असा आपल्या राज्यात नियम आहे. त्या जागेचे पुढे काय होते, हे आपण सारे पाहतो. कुठे वाळू-खडीचे ढीग, कुठे बेवारस झुडपे, तर कुठे एक दिवस फीत कापून ‘विकास’ होतो. आमच्या बागेचा विकास झालेला होता. भोवती भिंत, एक मोठे लोखंडी फाटक, पेव्हर ब्लॉकची वाट, निळ्या-पिवळ्या रंगाची ओपन जिमची यंत्रे, मधोमध हायमास्ट दिवा आणि हिरवळ. नळाला आज पाणी आहे का, ही जिथे सकाळची पहिली चौकशी असते, तिथे हिरवळ किती उन्हाळे काढणार? दुसऱ्याच वैशाखात ती करपली. हे सारे कोणी आणि कोणत्या निधीतून केले, त्यात मला जायचे नाही. हेतू चांगला होता, खर्चही झाला होता, आणि तरी संध्याकाळी सहा वाजता त्या बागेत यंत्रांवर लोंबकळणारी चार मुले सोडली तर कोणी नसे.

सरांच्या घरून परतल्यावर आम्ही काही जणांनी ठरवले, की ही बाग पुन्हा नीट करून घ्यायची. पण आधी लोकांना विचारायचे. देवळाच्या सभामंडपात बैठक बोलावली. तीसेक जण आले आणि दोघी वगळता सारे पुरुष. मागण्या भराभर पुढे आल्या : कारंजे हवे, पुतळा हवा, आणखी यंत्रे हवीत, प्रवेशद्वारावर कमान हवी. मी वहीत सारे लिहून घेतले आणि घरी येऊन वही मिटली. बैठकीला आलेल्यांपैकी बहुतेक जण बागेत जातच नव्हते आणि कमान उभी राहिल्यावरही जाणार नव्हते. ज्यांना बागेची गरज होती ती माणसे त्या वेळी भाकऱ्या थापत होती, नातवंडे सांभाळत होती, किंवा जिना चढवत नाही म्हणून घरीच बसली होती.

तेव्हा मला १९९३ आठवले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपले असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत काही हजार माणसे दगड-मातीखाली गेली. मी त्या वेळी आंतरवासिता करीत होते आणि उमरग्याच्या बाजूला मदतकार्यात होते. पुढे पुनर्वसित गावांत रुग्ण पाहण्याच्या निमित्ताने जाणे होई. नवी घरे पक्की होती, रस्ते रुंद आणि सरळ होते. अरुंद बोळात चिरडले गेलेल्यांच्या आप्तांना ते हवेही होते. पण नकाशावर सार्वजनिक वापरासाठी राखलेल्या मोकळ्या जागा भर उन्हात ओस पडलेल्या दिसत, आणि बायका मात्र एखाद्या घराच्या भिंतीच्या हातभर सावलीत दाटीने बसलेल्या. जुन्या गावात पार होता, वेस होती, आडाचा काठ होता. जागा आखणाऱ्यांनी चौरस मीटर मोजले होते. बसायचे कुठे, हे त्या बायकांना कोणी विचारलेले दिसत नव्हते.

त्याच पुनर्वसनात याच्या उलट उदाहरणही घडले. ज्या गावांचे स्थलांतर न करता घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे होते, तिथे गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. शासनाची योजना घरोघरी समजावायची आणि घरच्यांच्या अडचणी शासनापर्यंत न्यायच्या, हे त्यांचे काम. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेची मुळे त्या कामात आहेत. तेव्हा, विचारायचे कसे हे शिकायला आम्हाला दूर जाण्याची गरज नव्हती.

दूरचे एक उदाहरण मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. १९९६-९७ च्या सुमारास तेथील सार्वजनिक बागांची पाहणी झाली. मुली नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की बागेत दिसेनाशा होतात आणि मुलगे मात्र येत राहतात, असे तीत आढळले. कारण शोधता दिसले, की बागेचा मोठा भाग म्हणजे एकच मोकळे मैदान. जागेसाठी चढाओढ झाली की मुलगे जिंकत आणि मुली घरी जात. मग १९९९ च्या सुमारास शहराच्या पाचव्या विभागातील दोन बागा नव्याने आखल्या गेल्या. मोठ्या मैदानाचे लहान, थोडे आडोशाचे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनसारख्या खेळांना जागा दिली. मुली परत आल्या. कोणी कोणाला हाकलले नाही.

आपल्याकडे मुलगी दहा वर्षांची झाली की बागेत दिसेनाशी होते, याची पाहणीही कोणी करीत नाही. ‘आता मोठी झाली’ या तीन शब्दांत सारे आटोपते. आणि हीच मुलगी पस्तिशीत माझ्याकडे येते, तेव्हा तिचे वजन वाढलेले असते, साखर काठावर असते आणि चालण्याची सवय पंचवीस वर्षांपूर्वीच सुटलेली असते. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. ही मोठी मागणी नाही. तेवढा वेळ बाईला सुरक्षित जागा मात्र मिळाली पाहिजे.

आम्ही पुन्हा विचारायला सुरुवात केली, ती माझ्या दवाखान्याच्या बाकड्यांवरून. नंबर येईपर्यंत बायका बसलेल्याच असतात. अंगणवाडीत, शाळा सुटताना, दुपारी पापड-कुरडयांच्या वेळी गच्चीवर असे आम्ही फिरलो. ‘बागेत काय हवे?’ असे विचारले की लोक आठवून आठवून वस्तूंची नावे सांगतात. म्हणून प्रश्न बदलला : ‘तुम्ही बागेत का येत नाही?’ मग बांध फुटल्यासारखी उत्तरे आली.

शौचालय नाही, हे सर्वांत आधी. रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे, प्रोस्टेट वाढलेले पुरुष, खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब सुटणाऱ्या स्त्रिया या साऱ्यांचा दिवस शौचालयाच्या अंतराने बांधलेला असतो. कित्येक जणी बाहेर पडायचे म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग आपल्याकडच्या उन्हाळ्यात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग ठरलेलाच. (हे वाचणाऱ्या भगिनींनी लाज न बाळगता आपल्या डॉक्टरांशी बोलावे. यांतल्या बऱ्याच तक्रारींवर उपचार आहेत.)

दुसरे, फाटक एकच. फाटकाशी टोळके उभे असले तर आत जायलाही नको आणि आत असल्यावर बाहेर पडायलाही नको. मागच्या गल्लीकडे दुसरी वाट हवी, हे एका अकरावीतल्या मुलीने सांगितले. आम्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणाच्याही डोक्यात ते आले नव्हते. तिसरे, बाक. त्यांना ना पाठ, ना हात, आणि उंची इतकी कमी की गुडघे दुखणारी बाई बसली तर उठायला दुसरीचा आधार लागे. चौथे, पेव्हर ब्लॉक. मुळांनी उचललेल्या त्यांच्या कडा दिसत नाहीत, आणि दीर्घकाळच्या मधुमेहाने तळपायाची संवेदना गेलेल्या माणसाला त्या जाणवतही नाहीत. यंत्रांबद्दल कोणी तक्रार केली नाही. ती कशी वापरायची हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. कंबर गरगर फिरवण्याच्या यंत्रापासून मणक्याच्या रुग्णांनी दूर राहिलेले बरे, असे माझे मत आहे.

त्यानुसार नवा आराखडा झाला. हिरवळीचा नाद सोडला. कडुलिंब, करंज, बहावा लावले. पहिली दोन-तीन वर्षे जगवले की ही झाडे आपल्या हवेत पुढे स्वतःचे पाहून घेतात. भिंतीलगत दाबून बसवलेल्या मुरमाची गोल वाट, तीवर गुडघ्याच्या उंचीचे मंद दिवे. जुन्या कडुलिंबाभोवती समोरासमोर बसता येईल असा पार. दीड फूट उंचीचे, पाठीचे आणि हातांचे बाक. मागच्या गल्लीकडे लहान फाटक. आणि शौचालय. कमान आणि कारंजे यांची बैठकीत आठवण निघाली. पण खर्चाचा आकडा मांडल्यावर विषय आपोआप मागे पडला.

सारे सुरळीत झाले असे सांगितले तर ते खोटे ठरेल. क्रिकेट खेळणारी पोरे नाराज झाली, आणि त्यांची नाराजी रास्त होती. सर्वांना विचारले या समाधानात आम्ही त्यांनाच विचारायचे विसरलो होतो. गोल वाटेने त्यांची खेळपट्टी कापली. आता ती दूरच्या माळावर जातात. त्यांच्यापैकी एकाच्या आईने मला भर बाजारात ऐकवलेही. त्यांच्यासाठी शाळेचे मैदान संध्याकाळी उघडावे म्हणून अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही.

ज्या वाचकांना आपल्या गावी असे काही करावेसे वाटेल, त्यांनी वेळ साधावी. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक उन्हाळ्याआधी मंजूर होते. मागणी त्याआधी, दिवाळीच्या सुमारास, लेखी आणि सह्यांनिशी गेलेली बरी. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातील छोट्या कामांच्या सूचना मागवून त्या अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत सुरू केली. आपल्या नगरपरिषदेला तो दाखला देता येईल. खेड्यात ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने आवश्यक आहे. ती कागदावर उरकली जाते का, हे भगिनींनी जाऊन पाहावे आणि शौचालय व दिवा हे दोन शब्द इतिवृत्तात लिहून घ्यावेत.

मधुमेहींना एक सूचना. रात्रीच्या जेवणानंतरचे दहा-पंधरा मिनिटांचे सावकाश चालणे जेवणानंतर वाढणारी साखर आटोक्यात ठेवायला मदत करते. पहाटेच्या अंधारात रस्त्याने जाण्यापेक्षा हे मला अधिक पसंत आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी, आणि पायात चप्पल नको, बूट हवेत.

आमच्या बागेत आता रात्री आठनंतर बायकांचा एक गट तीन-चार फेऱ्या मारतो आणि मग पारावर बसतो. सरांच्या पत्नीही येतात. गुडघ्यांमुळे फेरी एकच मारतात. शौचालय रोज कोणी धुवायचे, हे अजून ठरलेले नाही. सध्या पाळ्या लावल्या आहेत, त्यांत दोनदा खंड पडला आणि भांडण झाले. पाण्याच्या टाकीला झाकण नाही. किल्ली फाटकासमोरच्या किराणा दुकानात असते. दुकान नऊला बंद होते, म्हणून दुसरी किल्ली करून ती सरांच्या घरी ठेवावी, असे येत्या रविवारी सुचवणार आहे.