फोन लावणारा पोरगा

करखात्याचा अधिकारी बोलतोय म्हणून फोन येतो, अटकेची धमकी मिळते, माणूस घाबरून पैसे भरतो. आपण फसलेल्याची हळहळ करतो. माझ्या मनात मात्र फोन लावणाराही येतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. ७०० हून अधिक जण ताब्यात घेतले, त्यांतल्या सुमारे ७० जणांना अटक झाली. बहुतेक तरुण. खोटी अमेरिकन नावं घेऊन, समोरचा कागद वाचत ही मुलं रात्रभर अमेरिकेत फोन लावायची आणि कराची 'थकबाकी' गिफ्ट कार्डांतून उकळायची. (गिफ्ट कार्डावर कर घेणारं सरकार कुठलं? पण धास्तावलेल्या माणसाला हे सुचत नाही.)

मुदखेड जंक्शनवरून मुंबईची गाडी पकडणारी आपली पोरंही अशाच नोकऱ्या शोधत फिरतात. बेकारी खरी आहे, नाकारत नाही. पण पोराचा पहिला पगार आला की आपण आकडा विचारतो, मोहल्ल्यात मिठाई वाटतो. रात्री कुणाला फोन लावतोस, काय सांगतोस, हे कोणते अब्बा विचारतात? मटण हलाल आहे ना, हे मात्र दुकानदाराला दहादा विचारून घेतो.