डीबगर 'काहीतरीच' दाखवतो तेव्हा

प्रोग्रॅम चुकला की जागोजागी प्रिंटएफ पेरायचे आणि काय छापून येतंय ते बघत बसायचं, ही आपल्याकडची खरी डीबगिंगची पद्धत. कॉलेजात हेच, नोकरीतही बरंचसं हेच. घाईच्या वेळी मीही तेच करतो, नाही असं नाही. पण इथे उरणात अधूनमधून इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात, त्यांना विचारलं, "अरे, जीडीबी का नाही लावलास?" की उत्तर ठरलेलं. "लावला होता काका, पण तो काहीतरीच दाखवतो."

या 'काहीतरीच'वर माझा आक्षेप आहे. बोर्डाकडून डीबगरला मिळतात ते नुसते आकडे, रजिस्टरांतले आणि मेमरीतले. त्यातला कुठला आकडा म्हणजे तुमच्या सी प्रोग्रॅममधली कुठली ओळ, हे कळायला त्याला माहीत हवं की प्रोसेसर कुठला, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, आणि बोर्डावर जो प्रोग्रॅम नि ज्या लायब्रऱ्या चालताहेत त्यांच्याच प्रती त्याच्या हाताशी आहेत का. हे सांगायचं काम आपलं. ते आपण करत नाही आणि नावं त्याला ठेवतो!

लॅपटॉप इंटेलचा, बोर्डावर एआरएम आणि लिनक्स. बोर्डावर जीडीबीसर्व्हर चालू करून लॅपटॉपच्या साध्या जीडीबीने जोडलं की रजिस्टरांच्या पॅकेटची लांबी जुळत नाही अशी तक्रार येते. हे बरं, निदान तो भांडतो तरी. मल्टिआर्च जीडीबी घ्या, भांडण मिटतं. वाईट प्रकार पुढचा. सिसरूट चुकीचा दिला तर बोर्डावरचे पत्ते तो दुसऱ्याच आवृत्तीच्या लायब्ररीत शोधतो आणि बिनदिक्कत भलत्याच फंक्शनचं नाव छापतो. नुसती प्रश्नचिन्हं आली असती तर शंका आली असती. नाव दिसलं की माणूस विश्वास ठेवतो. मोरा ते भाऊचा धक्का लाँचचं गेल्या वर्षीचं वेळापत्रक घेऊन धक्क्यावर जावं तसं. वेळा नीट छापलेल्या असतात, फक्त लाँच नसते. यापायी एका कंपनीने चांगला बोर्ड 'हार्डवेअर खराब' म्हणून परत पाठवलेला मी पाहिलाय.

आणि हे मुलांच्या प्रोजेक्टपुरतं नाही. खाडीपलीकडे पवईला आयआयटी मुंबईने 'अजित' हा प्रोसेसर केला, २०१९ साली तो जाहीर झाला. चिप मोहालीच्या एससीएलमध्ये १८० नॅनोमीटरवर बनली. अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण अजितचा आज्ञासंच स्पार्क व्ही८, आणि स्पार्कची खासियत म्हणजे रजिस्टरांच्या खिडक्या. एका फंक्शनने दुसऱ्याला बोलावलं की साधारणपणे नवी खिडकी उघडते, आणि खिडक्या संपेपर्यंत आधीच्या फंक्शनांची रजिस्टरं मेमरीत न उतरता प्रोसेसरातच राहतात. डीबगर मात्र कोणी कोणाला बोलावलं याची साखळी मेमरीतल्या स्टॅकवर शोधतो. तिथे जुना कचरा असेल तर साखळी खोटी! म्हणून थांबताक्षणी सगळ्या खिडक्या मेमरीत रित्या कराव्या लागतात. लिनक्स असेल तर ते कर्नल पाहतो. ऑपरेटिंग सिस्टिमशिवायच्या बोर्डावर ते काम डीबगरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने करायचं, म्हणजे तो लिहिणाऱ्या कुणीतरी. प्रोसेसर तोच, डीबगर तोच, तरी जबाबदारी बदलली. देशी चिपचं कौतुक करताना या कामाची कोणी बातमी करत नाही, आणि ते झालं नाही तर ती चिप वापरायला कोणी धजणार नाही.

"पण काका, वेळ कुठे आहे?" अरे, चार ओळींची तर फाइल. प्रोसेसर कुठला, सिसरूट कुठे, कुठल्या पोर्टवर जोडायचं. ती कोडबरोबरच ठेवावी, एखाद्याच्या डोक्यात नाही. मग मुद्दाम कोसळणारा एक प्रोग्रॅम लिहावा. तीन फंक्शनं, एकाने दुसऱ्याला बोलवायचं, शेवटच्याने शून्य पत्त्यावर लिहायचं. (ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या बोर्डावर शून्य पत्ता चालूनही जातो, तिथे ब्रेकपॉइंट लावावा.) ऑप्टिमायझेशन बंद. बॅकट्रेसमध्ये तिन्ही नावं, त्याच क्रमाने आणि बरोबर ओळींसकट आली, की मग खऱ्या प्रोजेक्टकडे वळावं. माझ्या मते हे पहिल्या सेमिस्टरचं पहिलं प्रॅक्टिकल हवं, आणि त्याला मार्कही हवेत. नाहीतर जर्नलमध्ये उतरवून मोकळे होतील.